वाचकांचे प्रश्न : भाड्याच्या घरातला कालप्रवासी

या सदरात दोन अंकांपूर्वी 'डॉक्टर हू' या ब्रिटिश दूरदर्शन मालिकेला जोडून निघालेल्या कादंबऱ्यांचा उल्लेख ओझरता आला होता. त्यावर इतकी पत्रे आली की या वेळचे सगळे पान त्यांनाच द्यावे लागले. काही पत्रे एकमेकांसारखी असल्याने त्यांचे प्रश्न एकत्र केले आहेत.

प्रश्न (पुण्याचे एक वाचक) : मुंबईत फोर्टच्या पदपथावर जस्टिन रिचर्ड्स यांची 'द बर्निंग' ही इंग्रजी कादंबरी मिळाली. मालिका मी कधीच पाहिलेली नाही. पुस्तकातला नायक पूर्णपणे एकटा आहे आणि आपण कोण आहोत हे त्यालाच ठाऊक नाही. शेवटपर्यंत याचा उलगडा होत नाही. मधलाच एखादा भाग माझ्या हाती आला आहे काय? आणि हा मनुष्य असा एकटा का?

उत्तर : पुस्तक पूर्ण आहे, उलगडा न होणे हाच त्याचा विषय आहे. मात्र त्यामागे थोडा इतिहास आहे आणि तो समजून घेतल्यास या कादंबरीची गंमत वाढते.

'डॉक्टर हू' ही मालिका बीबीसीवर २३ नोव्हेंबर १९६३ रोजी, म्हणजे अध्यक्ष केनेडी यांच्या हत्येच्या दुसऱ्या दिवशी, सुरू झाली. तिचा नायक हा 'टाइम लॉर्ड' नावाच्या परग्रहवासी जमातीतला असून तो मरणाच्या दारी पोहोचला की त्याचा कायापालट होतो, त्यामुळे नट बदलला तरी नायक तोच राहतो. त्याचे कालयान, टार्डिस, बाहेरून पोलिसांच्या निळ्या दूरध्वनी-खोक्यासारखे दिसते आणि आतून अवाढव्य असते. १९८९ मध्ये मालिका थांबली. १९९६ मध्ये पॉल मॅकगॅन या नटाला घेऊन एक दूरदर्शनपट निघाला, पण त्यापुढे काहीच झाले नाही. याचा अर्थ असा की आठवा डॉक्टर, म्हणजे मॅकगॅन यांच्या रूपातला नायक, पडद्यावर जेमतेम एका संध्याकाळपुरता आला आणि नंतर त्याचे सारे आयुष्य कागदावर गेले : १९९७ ते २००५ या काळात बीबीसी बुक्सने त्याच्या सत्तरहून अधिक कादंबऱ्या काढल्या.

मालिकेला जोडून लिहिणाऱ्या लेखकाची अवस्था भाडेकरूसारखी असते. त्याला रंग बदलता येतो, पडदे लावता येतात, पण भिंत पाडायची असेल तर मालकाला विचारावे लागते आणि मालक सहसा नाही म्हणतो. पुस्तक संपताना नायक जसा होता तसाच परत करावा, हा या धंद्याचा अलिखित करार आहे. आठव्या डॉक्टरच्या बाबतीत मात्र मालक घरी नव्हता. पडद्यावर मालिकाच नसल्यामुळे भाडेकरूंनी हळूहळू धीर केला आणि जुलै २००० मध्ये आलेल्या 'द अ‍ॅन्सेस्टर सेल' या कादंबरीत पीटर अँगेलिडिस आणि स्टीफन कोल यांनी भिंत नव्हे, अख्खे घरच पाडले. नायकाचा मूळ ग्रह गॅलिफ्रे त्यात नष्ट होतो, तोही नायकाच्याच हातून, आणि या प्रकारात त्याची स्मृती पुसली जाते. यान निर्जीव झालेले, ओळख हरवलेली, अशा स्थितीत त्याला एकोणिसाव्या शतकाच्या अखेरच्या पृथ्वीवर सोडून दिले जाते. जवळ काय, तर फिट्झ नावाच्या मित्राची एक चिठ्ठी, आणि तीवर भेटीची तारीख : ८ फेब्रुवारी २००१.

आपल्या हातातली 'द बर्निंग' ही त्यानंतरची पहिलीच कादंबरी आहे. जस्टिन रिचर्ड्स हे त्या सुमारास या ग्रंथमालेचे सल्लागार होते, म्हणजे नव्या घराचा पाया घालण्याचे काम त्यांनी स्वतःकडेच घेतले असे म्हणता येईल. पुढच्या पुस्तकांत तोच मनुष्य पहिल्या महायुद्धाच्या अखेरीस भेटतो, मग दुसऱ्या महायुद्धात, मग १९५१ च्या हेरगिरीच्या धामधुमीत, मग १९८० च्या दशकात एका दत्तक मुलीचा बाप म्हणून, आणि शेवटी ठरल्या तारखेला. दरम्यान त्याचे वय दिसण्यापुरतेही वाढत नाही.

माझ्या मते या सहा पुस्तकांतली मूळ कल्पना मालिकेने पडद्यावर केलेल्या बहुतेक प्रयोगांपेक्षा धाडसी आहे. एरवी काळ हा ज्याच्या दृष्टीने एसटी स्टँडासारखा, हवी ती गाडी पकडून कुठेही जाता येईल असा, त्या माणसाला काळातून फक्त पायी चालायला लावले आहे. एका दिवसानंतर दुसरा दिवस, आपण सगळे चालतो तसा. शंभराहून अधिक वर्षे वाट पाहायची आणि कशाची वाट पाहत आहोत हे ठाऊक नाही. 'द बर्निंग' ही या सहांमधली सर्वोत्तम नव्हे. आगीचे संकट, इंग्लंडमधले छोटे गाव, अंगावर येणारा काळोख ही सामग्री जुन्या भयकथांच्या वळणाची आहे. तिच्यातला नायक मात्र लक्षात राहतो, कारण आठवणींबरोबर त्याच्या स्वभावातली ऊबही गेलेली आहे. त्याला कळते सारे, पण कळवळा येत नाही. आपल्याला मालिका माहीत नसल्याने तो आपणांस नुसता थंड वाटला असेल. ज्यांना मालिका माहीत होती त्यांना तो भयंकर वाटला.

प्रश्न (नाशिकच्या एक शिक्षिका) : अशी पुस्तके केवळ मालिकेच्या नावावर पैसे कमावण्यासाठी लिहिली जातात, असे नाही का? त्यांना साहित्य म्हणावे काय?

उत्तर : पैसे कमावण्यासाठी लिहिली जातात, यात शंका नाही, पण त्याच कारणासाठी लिहिलेल्या पुष्कळ गोष्टींना आपण साहित्य म्हणतो. आधी दोन प्रकार वेगळे करू. प्रसारित झालेल्या कथेचे कादंबरीत केलेले रूपांतर हा एक प्रकार, आणि तीच पात्रे घेऊन लिहिलेली स्वतंत्र कादंबरी हा दुसरा. आपला आक्षेप बहुधा पहिल्या प्रकाराला आहे, म्हणून त्याविषयीच अधिक लिहितो.

पहिले रूपांतर १९६४ मध्ये डेव्हिड व्हिटेकर यांनी केले. ते मालिकेचे पहिले कथा-संपादक. त्यांना रूपांतर करायचे होते ते मालिकेतल्या दुसऱ्या कथेचे, आणि पात्रांची ओळख तर पहिल्या कथेतच होऊन गेलेली. अशा वेळी कारकुनी वृत्तीचा लेखक 'मागील भागात आपण पाहिले' या छापाचा एक परिच्छेद घालून मोकळा झाला असता. व्हिटेकर यांनी सुरुवातच नवी रचली. लंडनजवळच्या बार्न्स कॉमन या मोकळ्या माळावर दाट धुके आहे, मोटारीचा अपघात झालेला आहे, आणि इअन हा शिक्षक हे सारे प्रथमपुरुषी सांगतो आहे. धुक्यातून एक विक्षिप्त म्हातारा येतो. पडद्यावर शाळा आणि भंगाराचे आवार होते, पुस्तकात धुके आणि अपघात आहे. दोन्ही खरे, आणि वाचणाऱ्या मुलाला त्यात काही खटकत नाही. नायकाकडे बाहेरून, थोड्या भीतीने आणि थोड्या रागाने पाहणारा निवेदक घेण्याची ही युक्ती पुढे या साऱ्या प्रकाराला पुरली. तिच्याकडे खाली पुन्हा यावे लागेल.

१९७३ मध्ये टार्गेट या प्रकाशनाने हे आणि आणखी दोन जुनी रूपांतरे पुन्हा छापली आणि मग मालाच सुरू झाली. टेरन्स डिक्स या एकट्या लेखकाने साठाहून अधिक रूपांतरे लिहिली. सव्वाशे-दीडशे पानांची ती पुस्तके, साधी वाक्ये, दर प्रकरणाच्या शेवटी कुणाचा तरी जीव टांगणीला. टार्डिस येतानाचा तो धापा टाकणारा, कण्हणारा आवाज त्यांच्या पुस्तकांतून ठरल्यासारखा त्याच शब्दांत ऐकू येतो, आपल्या कीर्तनात ठरल्या जागी झांज वाजावी तसा. ब्रिटनमधल्या एका पिढीला वाचनाची गोडी याच पुस्तकांनी लावली, असे त्या पिढीचे अनेक लेखक सांगतात.

आणि एक कारण निव्वळ साहित्यिक नाही. बीबीसीने १९६० आणि १९७० च्या दशकांत चित्रफिती पुसून पुन्हा वापरल्या, फिल्मच्या प्रती जागेअभावी टाकून दिल्या. पहिल्या सहा हंगामांच्या २५३ भागांपैकी बरेच त्यात गेले. २०१३ मध्ये नायजेरियातल्या एका प्रक्षेपण केंद्रात नऊ हरवलेले भाग सापडल्याचे जाहीर झाले, तेव्हा ती मोठी बातमी ठरली. त्यानंतरही सुमारे शंभर भाग बेपत्ताच होते. व्हिडिओ कॅसेट घरोघरी येण्यापूर्वी एकदा प्रसारित झालेली कथा पुन्हा अनुभवायची तर पुस्तकाखेरीज मार्गच नव्हता. ज्या कथांची चित्रे नष्ट झाली त्यांच्या बाबतीत तर रूपांतर हेच, ध्वनिमुद्रणे सोडल्यास, उरलेले अस्तित्व ठरले. मूळ गेले आणि नक्कल उरली, की तिला नक्कल म्हणणे जरा अवघडच होते.

स्वतंत्र कादंबऱ्यांविषयी थोडक्यात. मालिका बंद पडल्यावर १९९१ मध्ये व्हर्जिन प्रकाशनाने 'न्यू अ‍ॅडव्हेंचर्स' ही माला काढली आणि नवख्या लेखकांची, न मागवता आलेली हस्तलिखितेही वाचायची तयारी दाखवली. पॉल कॉर्नेल, मार्क गेटिस, रसेल टी. डेव्हिस ही मंडळी त्या मालेत लिहीत होती. २००५ मध्ये मालिका पुन्हा सुरू झाली ती याच डेव्हिस यांच्या हाताखाली. कॉर्नेल यांच्या १९९५ च्या 'ह्यूमन नेचर'मध्ये नायक आपली ओळख काढून ठेवतो आणि पहिल्या महायुद्धाच्या उंबरठ्यावर एका शाळेत साधा शिक्षक म्हणून राहतो, प्रेमातही पडतो. २००७ मध्ये हीच कथा पडद्यावर आली. म्हणजे भाडेकरूने केलेली दुरुस्ती मालकाने पसंत केली आणि कायम ठेवली.

प्रश्न (कोल्हापूरचे दोन वाचक, वेगवेगळ्या पत्रांतून) : नायकाला सोबती नसेल तर कादंबरी चालते कशी? एकट्याच्या मनातले किती सांगणार?

उत्तर : येथेच या प्रकारातले खरे कौशल्य लागते.

मालिकेतला सोबती हा आपल्या लोकनाट्यातल्या पेंद्यासारखा नुसता विनोदाला नसतो. तो वाचकाच्या वतीने प्रश्न विचारतो. 'हे काय आहे?' असे कोणी विचारल्याशिवाय नायक उत्तर देणार कोणाला? १९७६ मध्ये 'द डेडली अ‍ॅसॅसिन' ही कथा सोबत्याविना केली गेली. टॉम बेकर हे त्या वेळचे डॉक्टर. आपण एकट्याने मालिका पेलू शकतो असे त्यांना वाटत होते. कथा गाजली, पण पुढच्याच कथेत नवी सोबतीण आली आणि तो प्रयोग तिथेच थांबला. २००९ मध्ये डेव्हिड टेनंट यांचा डॉक्टर विशेष भागांतून एकटा हिंडत होता, तेव्हा त्या वर्षीच्या कादंबऱ्यांनाही ते बंधन आले. ट्रेव्हर बॅक्सेंडेल यांची 'प्रिझनर ऑफ द डेलेक्स' त्यांपैकी एक. तिच्यात नायक डेलेक या शत्रूंची शिकार करून पोट भरणाऱ्या भाडोत्री टोळीत येऊन पडतो. नावाला एकटा, पण चार पानांत त्याच्याभोवती माणसे जमलेली. बहुतेक लेखक हीच पळवाट काढतात : सोबती नको म्हणता, मग पुस्तकापुरता उसना आणतो. त्यात गैर काही नाही, फक्त तो एकटेपणा राहत नाही.

नायकाच्या मनात शिरणे हा दुसरा मार्ग, आणि आपण त्याचीच धास्ती घेतलेली दिसते. ती रास्त आहे. हजार वर्षे जगलेल्या परग्रहवासी माणसाचे स्वगत लिहायला बसले की ते बहुधा चाळिशीतल्या लेखकाचे स्वगत निघते. आणि एकदा त्याचे मन उघडे केले की त्याच्याभोवतीचे गूढ संपते.

तिसरा मार्ग पॉल लिओनर्ड यांनी 'द ट्युरिंग टेस्ट' या २००० मधल्या कादंबरीत घेतला. वर सांगितलेल्या सहा पुस्तकांतली ही तिसरी, आणि माझ्या मते सर्वांत सरस. काळ दुसऱ्या महायुद्धाचा. कादंबरीचे तीन भाग असून तिन्हींचे निवेदक वेगळे आहेत आणि तिघेही खरी माणसे : गणिती अ‍ॅलन ट्युरिंग, कादंबरीकार ग्रॅहॅम ग्रीन आणि त्या वेळी बॉम्बफेकी विमानात काम करणारे, पुढे लेखक म्हणून गाजलेले जोसेफ हेलर. डॉक्टर स्वतः एकाही पानावर निवेदक नाही. तिघे त्याला पाहतात आणि तिघांना तो वेगळा दिसतो. ट्युरिंग यांच्या भागात आदर आहे आणि आदराहून अधिक काही आहे. ग्रीन त्याच्याकडे संशयाने पाहतात. हेलर यांच्या भागात चेष्टेखाली दडपलेली भीती आहे. व्हिटेकर यांनी १९६४ मध्ये धुक्यात उभा केलेला शिक्षक-निवेदक आठवा. युक्ती तीच, फक्त तिला तीन तोंडे फुटली. एकट्या माणसाचे एकटेपण त्याने सांगितले तर ती तक्रार होते. दुसऱ्याने पाहिले, आणि पाहूनही त्याला ते नीट समजले नाही, तर ते वाचकाला दिसते.

यात एक छुपी गंमतही आहे. शीर्षकात ज्या कसोटीचा उल्लेख आहे ती ट्युरिंग यांनी १९५० मध्ये मांडली : पलीकडे यंत्र आहे की माणूस हे केवळ संभाषणावरून ओळखता येते काय? ज्याला स्वतःलाच आपण माणूस आहोत की नाही हे ठाऊक नाही, अशा नायकाला त्या कसोटीच्या जनकासमोर बसवणे ही कल्पना सुचल्यावर लेखकाला त्या रात्री झोप लागली नसेल.

प्रश्न (औरंगाबाद येथील एक विद्यार्थी) : भौतिकशास्त्राच्या दृष्टीने यात काही तथ्य आहे काय?

उत्तर : भविष्याकडे जाण्यात आहे. वेगाने फिरणाऱ्याचे घड्याळ हळू चालते, हे सापेक्षता सिद्धांत सांगतो आणि प्रयोगांनी ते तपासलेले आहे. सर्गेई क्रिकालेव या अंतराळवीराने एकूण ८०३ दिवस अंतराळात काढले. त्यामुळे तो सेकंदाच्या सुमारे पन्नासाव्या भागाइतका आपल्या भविष्यात आलेला आहे. याच क्रिकालेवने १९९१ मध्ये सोव्हिएत संघातून उड्डाण केले आणि तो मीर स्थानकावर असतानाच त्याचा देश विसर्जित झाला. मागे जाण्याविषयी म्हणाल, तर कुर्ट ग्योडेल यांनी १९४९ मध्ये सापेक्षतेच्या समीकरणांची, स्वतःभोवती फिरणाऱ्या विश्वाची, अशी एक उकल दाखवली की तिच्यात भूतकाळाकडे वळणारे मार्ग निघतात. मात्र आपले विश्व तसे फिरणारे नाही. स्टीफन हॉकिंग यांनी १९९२ मध्ये निसर्ग असे मार्ग बनूच देत नसावा असा तर्क मांडला. निळ्या खोक्याला यातल्या कशाचाही आधार नाही आणि त्याने तो कधी मागितलेलाही नाही.

प्रश्न (लंडनजवळ राहणाऱ्या एक मराठी वाचक) : या इंग्रजी प्रकाराशी आपल्या मराठी विज्ञानकथेचा काही संबंध पोहोचतो काय?

उत्तर : ओढूनताणून आणायचा नसला तरी एक धागा खरा आहे. जयंत नारळीकर यांचे केंब्रिजमधले मार्गदर्शक फ्रेड हॉइल. या हॉइल यांनी १९६१ मध्ये, म्हणजे डॉक्टर हूच्या दोन वर्षे आधी, बीबीसीसाठी 'ए फॉर अँड्रोमेडा' ही विज्ञानमालिका जॉन एलियट यांच्याबरोबर लिहिली आणि १९६२ मध्ये दोघांनी तिची कादंबरीही केली. त्या मालिकेचे बहुतेक भागही पुढे नष्ट झाले. कादंबरी मात्र आजही मिळते. नारळीकरांनी विज्ञानकथा लिहिण्याची प्रेरणा हॉइल यांच्याकडून घेतली. मराठी विज्ञान परिषदेच्या १९७४ च्या कथास्पर्धेत त्यांनी 'कृष्णविवर' ही कथा धाडली ती नारायण विनायक जगताप या टोपणनावाने, म्हणजे आपल्याच आद्याक्षरांचा क्रम उलटा करून, आणि तिला पहिले पारितोषिक मिळाले.

आपण लंडनजवळ असल्याने आणखी एक सांगतो. डॉक्टर हूची पहिली कथा दिग्दर्शित करणारे वारिस हुसेन यांचा जन्म लखनौचा. तेव्हा ते पंचविशीत होते.

आपल्याकडे कादंबरीवरून चित्रपट किंवा मालिका निघण्याची वाट मळलेली आहे. मालिकेवरून कादंबरी लिहिण्याची उलटी वाट मात्र रुजली नाही. कथेचे हक्क वाहिनीचे, पात्रे वाहिनीची, आणि लेखकाला पानामागे मोबदला, हा व्यवहार जमवणारा प्रकाशक लागतो; शिवाय मालिका संपल्यावरही तिची आठवण काढत बसणारा वाचक लागतो. पहिला नसल्यामुळे दुसरा तयार झाला नाही, की उलट, यावर वाद घालता येईल.

प्रश्न (ठाण्याचे एक वाचक) : पुस्तकात गॅलिफ्रे नष्ट होतो, तर मालिकेतही नष्ट होतो, पण वेगळ्या रीतीने. मग खरे काय मानावे?

उत्तर : मालक परत आला आणि त्याने स्वतःचे घर स्वतःच्या पद्धतीने पाडले, एवढेच. २००५ मध्ये पडद्यावर परतलेल्या मालिकेत गॅलिफ्रे डेलेकांशी झालेल्या महायुद्धात नष्ट झाला होता. २००० च्या कादंबरीचा त्यात उल्लेखही नाही. पुढे २०१३ मध्ये, पन्नासाव्या वर्षाच्या विशेष भागात, तो नष्ट झालाच नव्हता असे निघाले. रामायणाच्या अनेक पाठांसह ज्याचे बालपण गेले, त्या मराठी वाचकाला याचा त्रास होऊ नये.

प्रश्न (अनेक वाचक) : वाचायला सुरुवात कोठून करावी? क्रमाने वाचणे आवश्यक आहे काय?

उत्तर : 'द ट्युरिंग टेस्ट' थेट वाचता येते; नायकाला काही आठवत नाही, तेव्हा आपणांसही मागचे ठाऊक असण्याची गरज नाही. मात्र जुनी प्रत घेताना शेवटची पाने मोजून घ्यावीत. माझ्या प्रतीतली शेवटची चार पाने नव्हती आणि हेलर यांचे म्हणणे काय, हे कळायला मला दुसरी प्रत मिळेपर्यंत आठ महिने लागले.

प्रश्न (सांगलीच्या एक वाचक) : नायकाचे नाव 'डॉक्टर हू' आहे की 'डॉक्टर'?

उत्तर : 'डॉक्टर'. 'हू' हा समोरच्याने विचारलेला प्रश्न आहे.